वीस मिलिग्रॅमचं दुकान

सकाळी साडेआठ

सतरा नंबरची जांभळी बस रेल्वेच्या पुलाखालून पुढे सरकली की मी उतरते. रेडिंग हे शहर लंडनच्या पश्चिमेला, जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत. तिथल्या ऑक्सफर्ड रोडवर पोलिश किराणा आहे, हलाल खाटीक आहे, मोबाइल दुरुस्तीवाले आहेत, न्हावी तर दर दहा पावलांवर. या सगळ्यांत अंग चोरून बसलेलं आमचं व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं दुकान. नऊला उघडतं, त्याआधीचा अर्धा तास माझा एकटीचा. शटर, दिवे, गल्ल्यात सुटे पैसे, मग भिंतीवरची मांडणी. डाव्या हाताला पॉड, मधे लिक्विडच्या बाटल्या, उजवीकडे कॉइल.

ज्यांनी पॉड पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी सांगते. बोटभर लांबीची बॅटरी, तिच्या डोक्यावर प्लास्टिकची इवलीशी टाकी, टाकीत कापूस आणि तारेची जाळी, म्हणजे कॉइल. ओढलं की आतल्या सेन्सरला कळतं, जाळी तापते आणि कापसात मुरलेल्या लिक्विडची वाफ होते. बहुतेकांना बटणसुद्धा नसतं. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन. ब्रिटनमध्ये २०१६ पासून नियम आहे: टाकी २ मिलिलिटरच्या वर नको, निकोटीनच्या लिक्विडची बाटली १० मिलिलिटरच्या वर नको, निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको. नियम युरोपचा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, नियम मात्र राहिला, आणि राहिला ते बरं झालं. अमेरिकेत २०१५ मध्ये ज्यूल नावाचा पॉड आला त्यात याच्या जवळजवळ तिप्पट निकोटीन होतं.

ज्यूलने आणखी एक गोष्ट रूढ केली, निकोटीन सॉल्ट. जुन्या लिक्विडमधलं निकोटीन जास्त घेतलं की घशाला झोंबायचं, आणि ते झोंबणंच माणसाला थांबवायचं. त्यात बेन्झोइक आम्लासारखं एखादं आम्ल मिसळलं की घसा कुरकुरत नाही, निकोटीन सुखाने आत जातं. एवढ्याशा बॅटरीतून, एवढ्याशा वाफेतून सिगारेटची तलफ भागते ती या युक्तीमुळे. आमचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. दिवसभरात दुकानात जे चांगलं घडतं आणि जे वाईट घडतं, दोन्ही तिच्याचमुळे.

मी स्वतः काही ओढत नाही. मालकांना सुरुवातीला ते खटकलं होतं. स्वाद कसा सांगणार गिऱ्हाइकाला? गिऱ्हाईक स्वाद विचारतच नाही, ते नाव घेऊन येतं.

नऊ

स्टेशन गाठायच्या घाईतली माणसं. कानात इअरफोन, हातात फोन, कार्ड टेकवायचं आणि सुटायचं. "दोन ब्लूबेरी." "नेहमीचंच." यांना भरलेले पॉड लागतात, म्हणजे कंपनीनेच लिक्विड भरून बंद केलेले, संपला की टाकायचा, दुसरा चढवायचा. हात ओले होत नाहीत, बाटली बाळगायला नको.

या गर्दीत मी फारसं बोलत नाही. पण एखादा पाकीट सोडून नुकताच इकडे आलेला असला तर हिशेब मांडून दाखवते, कारण वाफेच्या बाजूने सगळ्यात आधी पटतो तो पैसाच. वीस सिगारेटींचं पाकीट इथे १५ पौंडांच्या वर गेलं आहे. रोज एक म्हणजे महिन्याला साडेचारशेच्या वर. १० मिलिलिटरची बाटली ४ पौंडांच्या आतबाहेर मिळते आणि पाकीटभर ओढणाऱ्याला तीनएक दिवस पुरते. वर आठवड्याला एखादा रिकामा पॉड किंवा कॉइल. पन्नास-साठ पौंडांत महिना निघतो. तेच भरलेले पॉड घेत राहिलात तर खर्च दुपटीहून जास्त. एवढं ऐकूनही दहातले बरेच जण भरलेलेच घेतात. सोय विकत घ्यायला माणूस किती पैसे मोजतो, हे सकाळी नऊला काउंटरवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सव्वादहा

दुकान जरा रिकामं झालं की खरं काम सुरू होतं. आज आला तो साठीतला बसचालक. गणवेशातच. त्याने एक बंद खोकं काउंटरवर ठेवलं, लांबूनच बोटाने माझ्याकडे ढकललं.

"हे मला सिगारेट सोडवणाऱ्या सेवेने फुकट दिलंय. वापरायचं कसं ते तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, पण घरी जाईपर्यंत विसरलो."

ब्रिटनच्या सरकारने २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या दहा लाख लोकांना सिगारेटच्या बदल्यात व्हेपचं किट द्यायची योजना जाहीर केली. 'स्वॅप टू स्टॉप' तिचं नाव. जगात असं करणारं दुसरं सरकार नव्हतं. फुकटचं किट घेऊन आलेल्याला शिकवण्यात दुकानाचा दमडीचा फायदा नाही, तरी मी शिकवते. आमच्याकडे येणाऱ्यांत ज्यांच्यासाठी हे यंत्र खरोखर कामाचं आहे, ते हेच लोक.

त्याने पहिला कश सिगारेटसारखाच ओढला, जोरात आणि आखूड. खोकून डोळ्यांत पाणी. सगळ्यांचं असंच होतं. "जोर नको," मी सांगितलं. "हळू, तीन-चार सेकंद. आधी तोंडात घ्या, मग आत. आणि पॉड भरल्यावर दहा मिनिटं थांबा, कापूस भिजू दे. नाहीतर पहिल्याच झुरक्याला जळका वास येईल आणि तुम्ही हे कचऱ्यात टाकाल."

मग माझा ठरलेला प्रश्न: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? "डोळे उघडायच्या आधी," म्हणाला आणि स्वतःच हसला. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत जो ओढतो त्याची गाठ पक्की असते. अशाला २० मिलिग्रॅमच द्यावं. इथे बरेच लोक उलटं करतात. निकोटीन वाईट म्हणून भीत-भीत कमी ताकदीचं घेतात, अर्धवट भागतं, आणि संध्याकाळी पुन्हा पाकीट. सिगारेटमध्ये माणसाला धरून ठेवतं ते निकोटीन. मारतं ते जळणं. तंबाखू जळताना निघणारं डांबर, कार्बन मोनॉक्साइड, हजारो रसायनं. पॉडमध्ये काही जळत नाही. त्याची बाजू मांडायला एवढं एकच वाक्य पुरेसं आहे, आणि ते खरं आहे.

"बायको म्हणते याने फुप्फुसं फाटतात. अमेरिकेत माणसं मेली."

मेली होती. २०१९ मध्ये तिथे फुप्फुसांच्या विचित्र आजाराने अडीच हजारांहून जास्त लोक रुग्णालयात गेले, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ दगावले. मुख्य दोष निघाला तो व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाच्या तेलकट पदार्थाचा. गांजाच्या अर्काच्या काडतुसांत भेसळ म्हणून तो घातलेला होता. इथल्या दुकानातल्या निकोटीनच्या बाटलीत जीवनसत्त्वं घालायलाच बंदी आहे. लोणीदार चवीसाठी वापरलं जाणारं डायअसिटिल, ज्याच्या नावाने 'पॉपकॉर्न लंग' या फुप्फुसांच्या आजाराची भीती पसरली, तेही इथे चालत नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. 'सुरक्षित' हा शब्द मात्र मी कधीच वापरत नाही. २०१५ मध्ये इथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं आणि तो आकडा प्रत्येक दुकानदाराने उचलला. मला तो आवडत नाही. तज्ज्ञांनी अंदाजाने बांधलेला तो आकडा, आणि चाळीस वर्षं वाफ ओढलेला माणूस अजून पृथ्वीवर नाही. जळत्या सिगारेटपेक्षा खूपच बरं, स्वच्छ हवेपेक्षा वाईट. एवढ्यावर मी थांबते.

सोडायला मदत होते का, यावर मात्र ठोस पुरावा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत सरकारी सेवेकडे आलेल्या ८८६ लोकांना दोन गटांत विभागलं होतं. निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम वगैरे घेणाऱ्यांपैकी वर्षाअखेर ९.९ टक्के सिगारेटमुक्त राहिले, व्हेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के. जवळजवळ दुप्पट. तेव्हाची यंत्रं आजच्या पॉडपेक्षा बोजड होती, तरीसुद्धा. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आमच्या धंद्यातले लोक सांगत नाहीत: व्हेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, दुसऱ्या गटात पट्टी-गम चालू असलेले ९ टक्के. सिगारेट सुटली, निकोटीन नाही.

चालकाला हा दुसरा आकडाही सांगितला. तो म्हणाला, "बाई, मला आधी जिना चढू दे. बाकीचं नंतर बघू."

जाताना एकच ताकीद दिली. दोन्ही एकदम नको. पाकीट चालू ठेवून वर हेही ओढलं तर मिळायचं ते बरंचसं वाया.

साडेअकरा

तक्रारींची वेळ. रात्रपाळी करून झोपून उठलेले आणि कामावर न गेलेले सगळे साधारण याच सुमाराला येतात.

पॉडच्या तक्रारी दोनच: गळतो आणि जळतो. गळण्याचं कारण बहुधा ओढण्यात असतं. जोर लावला की गरजेपेक्षा जास्त लिक्विड कॉइलमध्ये खेचलं जातं आणि खालून पाझरतं. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तरी तेच. पुष्कळदा तर तो गळतही नसतो; वाफ थंड होऊन तळाशी थेंब साचलेले असतात. पॉड काढायचा, टिश्यूने पुसायचा, तळाच्या सोनेरी पिनांवरचा खिशातला कचरा काढायचा, झालं. या कामासाठी ड्रॉवरमध्ये मी कान साफ करायच्या कापसाच्या काड्या ठेवते.

जळण्याची गोष्ट वेगळी. समईतलं तेल संपलं की वात स्वतःच जळू लागते, तसंच इथे. कापूस कोरडा पडला की वाफेऐवजी करपलेली चव येते, आणि एकदा करपलेला कापूस पुन्हा ताळ्यावर येत नाही. कॉइल बदलायलाच हवी. साधारण आठवडा-दोन आठवडे चालते. पण गोडमिट्ट लिक्विड वापरणाऱ्याची चार दिवसांत जाते, कारण त्यातलं गोडवा आणणारं द्रव्य जाळीवर काळं होऊन बसतं. आंबा, स्ट्रॉबेरी, कॉटन कँडी, जितकं गोड तितकी कॉइल लवकर काळी. पुदिना किंवा तंबाखूची साधी चव घेणारा पैशाने सुखी राहतो. हे मी सांगते तेव्हा मालक असले तर माझ्याकडे बघतात.

आजची तरुणी तिसऱ्यांदा तोच पॉड घेऊन आली होती. तोंडात लिक्विडचा कडू थेंब येतो म्हणाली. ती तडतड बोलते, पण तक्रार खरी होती. त्या कंपनीचा तो सगळा माल असाच आला होता. बदलून दिला. मोठ्या व्हेपमध्ये असं काही झालं तर माणूस खोलून बघू शकतो, तार बदलू शकतो, हवा कमी-जास्त करू शकतो. पॉडमध्ये काहीच हातात नसतं. यंत्र सोपं करायचं म्हणजे आतलं सगळं बंद करायचं, आणि बंद केलेलं बिघडलं की फेकायचं. बॅटरीचंही तेच. छोट्या पॉडची बॅटरी सतत ओढणाऱ्याला संध्याकाळपर्यंत पुरत नाही, आणि वर्ष-दीड वर्षात ती थकली की बॅटरी बदलता येत नाही, यंत्रच बदलावं लागतं.

दुपारी एक

काउंटरच्या मागे स्टुलावर डबा. पोळी, कालची फ्लॉवरची भाजी, लोणच्याची फोड. याच वेळी विद्यापीठातला एक मराठी मुलगा हमखास डोकावतो. कोथरूडचा आहे, डेटा सायन्स शिकतो. इथे आल्यावर थंडीत सिगारेट लागली, मग पॉडवर आला.

"ताई, पुढच्या आठवड्यात पुण्याला चाललोय. हे चेक-इनमध्ये टाकू की हँडबॅगेत?"

"कशातच नको."

"मजा करता का?"

"अरे, भारतात आणणं हाच गुन्हा आहे. २०१९ चा कायदा वाच."

सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. नुसत्या ओढणाऱ्याला शिक्षा लिहिलेली नाही, पण विमानतळावर तुमच्या बॅगेतून जे येतं त्याला आयातच म्हणतात.

तो वैतागला. "म्हणजे टपरीवर गोल्ड फ्लेक चालते, विडी चालते, आणि हे नाही? हे लॉजिक काय?"

हा वाद इथल्या प्रत्येक मराठी पोराशी होतो. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. सिगारेट आणि विडी उघड्यावर विकायची आणि त्यांच्याहून कमी घातक असलेली वस्तू बंद करायची, यात सिगारेटवाल्यांचं भलं होतं, ओढणाऱ्यांचं नाही. पण मी तरी त्याच्या बाजूने पूर्ण उभी राहत नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजी रोज सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि मशेरी लावायची. आजोबा तंबाखू-चुना मळायचे. घरात सिगारेट कोणी ओढली नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ४ टक्क्यांच्याही आत होते आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४ टक्क्यांच्या वर. आमच्या राज्याचा तंबाखू मुख्यतः तोंडातला आहे. त्याने होतो तो तोंडाचा कॅन्सर. धुराच्या जागी वाफ देणारं यंत्र आजीच्या काय कामाचं होतं? तिच्यासारख्यांना त्याचा शून्य उपयोग, आणि एफसी रोडवरच्या, कधीच न ओढलेल्या पोरांना मात्र ते आवडलं असतं. सरकारने हाच विचार केला की आणखी कुठला, ते मला सांगता येणार नाही. आणि बंदी घालूनही शहरांतल्या टपऱ्यांवर हे लपून मिळतंच. फक्त आत काय भरलंय, किती निकोटीन आहे, हे तपासायला कोणी नाही. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखा बंद आहे, तो कुठे थांबला?

"मग मी पंधरा दिवस काय करू?" त्याने विचारलं.

"निकोटीनचं गम घे. औषधाच्या दुकानात मिळतं, तिथेही आणि इथेही. आणि आईसमोर चघळलंस तरी चालतं."

माझ्या लोणच्याची फोड उचलून तो गेला.

अडीच

माल येतो. खोकी मोजणं, तारखा बघणं. त्याबरोबर दुसरं काम: दाराजवळची परतीची पेटी रिकामी करणं. व्हेप विकणाऱ्या दुकानाने जुने व्हेप परत घ्यायचे, असा नियम आहे.

पेटीत अजूनही एकदाच वापरायचे रंगीत डिस्पोजेबल सापडतात, जरी १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये ते विकायला बंदी आहे. २०२३ च्या अंदाजाप्रमाणे देशात आठवड्याला पन्नास लाख डिस्पोजेबल फेकले जात होते. प्रत्येकात लिथियमची चांगली, पुन्हा चार्ज होऊ शकणारी बॅटरी. नेहमीच्या कचऱ्यात ती गेली की गाडीत चिरडली जाते आणि पेट घेते; फेकलेल्या बॅटऱ्यांमुळे कचऱ्याच्या गाड्यांत आणि डेपोंत वर्षभरात बाराशेहून जास्त आगी लागल्याचं २०२४ मध्ये इथल्या अग्निशमन दलांच्या प्रमुखांनी सांगितलं. त्यामुळे बंदी योग्यच होती. पण कायद्याने काय मागितलं? यंत्र चार्ज होणारं हवं आणि पुन्हा भरता येणारं हवं. कंपन्यांनी तेच रंग, तेच स्वाद, तोच आकार ठेवून खाली चार्जिंगचं भोक पाडलं आणि वर बदलता येणारा पॉड लावला. किंमतही जवळपास तीच. परिणाम मला या पेटीत दिसतो: यूएसबीचं भोक कधी वापरलंच नाही असे नवेकोरे 'पुनर्वापराचे' व्हेप, एका पॉडनंतर फेकलेले. पॉडच्या विरोधात काय, असं मला कोणी विचारलं तर फुप्फुसांच्याही आधी मी ही पेटी दाखवेन.

सव्वातीन

शाळा सुटते. ऑक्सफर्ड रोडवर गणवेशांचे थवे, आणि मी दारातून दिसेल अशी काउंटरवर उभी.

कायद्याने अठराच्या खालच्याला विकायचं नाही. आमचा रिवाज त्याहून कडक: पंचविशीच्या खालचा वाटला तरी ओळखपत्र मागायचं. नाही म्हटलं की नकाराच्या वहीत नोंद, तारीख, वेळ, वर्णन. तपासणीला आलेला अधिकारी गल्ल्याआधी ती वही मागतो. आज पहिली नोंद तीन वीसला: कॉलेजच्या वयाची मुलगी, ओळखपत्र बरोबर, वय एकोणीस. पण दाराबाहेर शाळेच्या गणवेशातल्या दोघी काचेला नाक लावून हवा तो रंग बोटाने दाखवत होत्या. दुसऱ्यासाठी घेऊन देणंही गुन्हाच. नाही दिलं. ती मला जे म्हणाली ते वहीत लिहायला जागा नाही.

नंतर एक आई आली. मुलाच्या दप्तरात सापडलेलं काहीतरी तिने रुमालात गुंडाळून आणलं होतं, उंदीर धरावा तसं. पंधरा वर्षांचा आहे म्हणाली. ते पॉडसुद्धा नव्हतं. हजारो कश लिहिलेलं, इथे विकायला परवानगीच नसलेलं मोठ्या टाकीचं यंत्र होतं, कोपऱ्यावरच्या एखाद्या दुकानात काउंटरखालून मिळतात तसलं. तिने विचारलं, "याचा वास कसा आला नाही मला?"

सकाळच्या बसचालकासाठी पॉडचे जे गुण ठरतात ते सगळे इथे उलटे उभे राहतात. वास नाही: बायको कटकट करणार नाही, आणि आईला कळणार नाही. खिशात मावतं: गणवेशाच्या बाहीतही मावतं. घशाला झोंबत नाही: साठीच्या माणसाला पाकीट सोडणं सोपं, आणि पंधराव्या वर्षी पहिला कश सोपा. माझ्या पिढीच्या पोरांनी पहिली सिगारेट ओढली तेव्हा खोकून उलटी केली, आणि कित्येकजण तिथेच थांबले. हा अडसर पॉडने काढून टाकला आहे. वाढत्या वयातल्या मेंदूला निकोटीनची सवय फार लवकर जडते. कधीच सिगारेट न ओढलेल्या पोराच्या बाबतीत 'धुरापेक्षा बरं' या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

तिला मी शाळेच्या नर्सशी बोलायला सांगितलं, ओरडू नका म्हटलं, आणि ते यंत्र परतीच्या पेटीत टाकलं. कुठून घेतलं ते कळलं तर ट्रेडिंग स्टँडर्ड्स या दुकानं तपासणाऱ्या खात्याकडे तक्रार करा, तेही सांगितलं. शेजारच्या दुकानावर तिथले अधिकारी एकदा आले तर आमचाही धंदा जरा सरळ होईल, हा स्वार्थ त्यात होताच.

साडेपाच

कामावरून परतणारी माणसं. सकाळसारखी घाई नाही, थोडं बोलणं होतं.

वृद्धाश्रमात काम करणारी एक बाई आहे. ती मोजून ओढते: बदलता येणारी कॉइल, बाटलीचं लिक्विड, आणि दर काही महिन्यांनी एक पायरी खाली. वीसवरून दहा, आता पाच. आज म्हणाली, "पाचही जड वाटायला लागलं. त्याखाली काय?" सॉल्टमध्ये पाचच्या खाली आमच्याकडे फक्त शून्य. मी सुचवलं, पाच आणि शून्याच्या बाटल्या अर्ध्या-अर्ध्या भरून बघा. ताकद आपण ठरवायची, ही सोय सिगारेटला नाही. स्वतः भरायच्या पॉडचा हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा गुण. भरलेल्या पॉडमध्ये तो जवळजवळ बाद होतो, कारण दुकानात चालतं ते वीसचंच.

तिच्या मागे उभा असलेला तरुण नेमका दुसऱ्या टोकाचा. त्याने कधी सिगारेट ओढली नाही, डिस्पोजेबलच्या दिवसांत मित्रांमुळे सुरू झाला. "हे कधी संपतच नाही," तो म्हणाला, तक्रार म्हणून नव्हे, सहज. त्याला काय म्हणायचंय ते मला कळतं. सिगारेट पेटते, जळते, विझते. पाच-सात मिनिटं, बाहेर उभं राहून, पाऊस असला तर भिजत. मग माणूस आत येतो आणि तासभर विसरतो. पॉडला शेवट नाही. एक झुरका टेबलाखाली, एक लिफ्टमध्ये, एक दात घासता-घासता. या तरुणाचा पॉड उशीखाली असतो. रात्री जाग आली की एक कश. वीस सिगारेटी ओढणाऱ्या चालकालाही हा प्रकार माहीत नाही, तोदेखील झोपेतून उठून काडी ओढत नाही. दिवसाला किती, हे सिगारेटवाला पटकन सांगतो. पॉडवाल्याला विचारा, तो छताकडे बघतो.

त्याला दहाचं घ्यायला सांगितलं. वीसचं घेऊन गेला.

सात

शटर अर्धं खाली. गल्ला मोजणं, उद्याची मागणी लिहिणं. कागद बघितला की आमचा धंदा नागडा दिसतो. पॉडच्या यंत्रात सुटतं थोडं. ते जवळपास खरेदीच्याच भावात विकून टाकतात. कमाई कॉइलमध्ये, बाटल्यांत आणि सगळ्यात जास्त भरलेल्या पॉडमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्यांत. सोडून गेलेला माणूस हे माझं यश आणि मालकांचं नुकसान. १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलिलिटरमागे २.२० पौंड कर जाहीर झाला आहे, निकोटीन असो वा नसो. सिगारेटवरचा करही त्याच वेळी वाढवायचं ठरलंय, म्हणजे अंतर राहावं, पण चार पौंडांची बाटली कराने साडेसहाची झाली की बाटलीवाल्यांपैकी किती टिकतील याची मालकांना धास्ती आहे. मला धास्ती वेगळी. कर बाटलीवर आहे, ताकदीवर नाही. पाचच्या बाटलीला तोच कर, वीसच्या बाटलीला तोच. वाटेल ते करून वीसवरून पाचवर आलेल्या बाईला कायद्याने एक पैशाची सवलत दिली नाही, उलट कमी ताकदीचं जास्त ओढावं लागतं म्हणून तिच्या बाटल्या अधिक संपतात.

मागणीच्या कागदावर पाच मिलिग्रॅमच्या पुदिन्याची दोन खोकी लिहिली आणि मालकांना फोन लावला.

"पाचची दोन? गेल्या महिन्यातली संपली का?"

"चार बाटल्या उरल्यात. पण मागणारे वाढतायत."

"कोण मागतं? ती वृद्धाश्रमवाली?"

"ती, आणि आणखी दोघं-तिघं."

थोडा वेळ पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज.

"एकच मागव. आणि ब्लूबेरी वीसची सहा कर."